दुसरी साक्ष

आमच्या घरात छातीतल्या धडधडीला तीन नावं होती. आजी म्हणायची, "काळीज लकलकतंय." आई म्हणायची, "जीव घाबरा होतोय." आणि दादा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे "खफकान". दादा निजामाच्या राज्यात उर्दू माध्यमात शिकलेले. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, ते राज्य गेलं. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. पण दादांच्या तोंडातला हिशेब आणि आजारपण शेवटपर्यंत उर्दूतच राहिलं. तापाला ते बुखार म्हणायचे, सर्दीला नजला आणि धडधडीला खफकान.

शब्द मूळ अरबी. पंखांची फडफड, वाऱ्यावर निशाणाचं कापड फडकणं, हाही त्याचा अर्थ. हे दादांनीच मला सांगितलं होतं. मी पुढे एकतीस वर्षं याच शहरात मुलींच्या शाळेत इतिहास शिकवला, आणि त्यातली अकरा वर्षं ही फडफड छातीत घेऊन शिकवला. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता वैद्यकाचा नाही. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. माझ्या आठवणी औरंगाबाद या नावाखाली साठलेल्या आहेत, म्हणून जुन्या गोष्टी सांगताना तेच नाव येईल.

आपल्या भाषेनं या बाबतीत किती बारकाईनं ऐकून ठेवलंय, हे मला फार उशिरा कळलं. धडधडणं वेगळं, धाकधूक वेगळी. ठोका चुकणं वेगळं आणि फडफड होणं वेगळं. हृदय जोरानं आणि भरभर पण तालात चाललं, तर ती धडधड. एखादा ठोका वेळेआधी पडतो, मग क्षणभर काहीच नाही आणि पुढचा ठोका दणकन लागतो, त्याला आपण ठोका चुकला म्हणतो. खरं तर तो चुकलेला नसतो, आधीच येऊन गेलेला असतो. ताल पूर्ण मोडून ठोके वाटेल तसे पडू लागले की ती फडफड. डॉक्टरांच्या पुस्तकात या तिन्हींना वेगवेगळी नावं आणि वेगवेगळे इलाज आहेत. दवाखान्यात मात्र आपण या सगळ्यांवर "छातीत कसंतरी होतं" एवढंच पांघरूण घालतो आणि डॉक्टर त्यावर "टेन्शन" असं लिहितात.

आमच्या गावाच्या परिसरात नाडीचा विचार जुना आहे. शहरापासून १५ किलोमीटरवर देवगिरी. तिथल्या यादवांच्या दरबारातला हेमाद्री पंडित आपल्याला मंदिरांच्या बांधणीमुळे आणि मोडीमुळे माहीत असतो. त्यानं वाग्भटाच्या अष्टांगहृदय या ग्रंथावर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली, हे मी वर्गात मुद्दाम सांगत असे. त्याच्याही आधी, सिंघण राजाच्या काळात, शार्ङ्गदेव हा काश्मिरातून आलेल्या घराण्यातला माणूस देवगिरीच्या दरबारी हिशेबाचं खातं सांभाळत होता आणि 'संगीतरत्नाकर' लिहीत होता. संगीताच्या त्या ग्रंथात पहिल्याच अध्यायात मानवी शरीर कसं घडतं याचं प्रकरण आहे. नादाकडे जाण्याआधी तो देहाकडे गेला. ताल आणि देह यांचा एकत्र विचार करणारा माणूस आपल्या डोंगरावर राहून गेला, याचा मला आजही अभिमान वाटतो.

नाडी पाहण्याची रीत शार्ङ्गधर नावाच्या दुसऱ्याच ग्रंथकारानं संहितेत नीट मांडली. वात कोपला की नाडी जळू किंवा सापासारखी, पित्तानं चिमणी, कावळा, बेडूक यांच्यासारखी उड्या मारत, कफानं हंस आणि पारव्यासारखी. हकिमांच्या परंपरेतही असंच आहे. इब्न सीनाच्या ग्रंथात हरणासारखी उडी मारणारी नाडी आहे, लाटेसारखी आहे, किड्यासारखी, मुंगीसारखी आहे. त्यानं हृदयाच्या औषधांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. प्रेमानं झुरणाऱ्या रोग्याबद्दल त्यानं सांगितलेली युक्ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हकिमानं नाडीवर बोट ठेवायचं आणि नावं, गल्ल्या, घरं एकेक करून उच्चारायची. ज्या नावाला नाडी बदलेल ते नाव धरायचं. म्हणजे नाडी एकदा पाहून सोडून द्यायची नाही, ती बदलते त्या क्षणी बोट तिथे असायला हवं. पुढे माझं सगळं दुखणं या एका गोष्टीपाशी येऊन अडलं.

माझ्या लहानपणी शहागंज, सिटी चौक भागात हकीम होते. त्यांच्या दुकानात गुलाबाच्या अर्काचा वास असे. खमीरा गावजबान, दवा-उल-मिस्क ही नावं आमच्या घरात वैद्याच्या काढ्यांइतकीच सरावाची होती. दादांच्या धाकट्या बहिणीला, माझ्या आत्याला, खफकान होतं. लहानपणी तिला महिनाभर ताप आला होता, गुडघे आणि घोटे सुजले होते. मग ते बरं झालं आणि सगळे विसरले. तिशी ओलांडल्यावर जिना चढताना दम लागू लागला, रात्री उशा रचून झोपावं लागू लागलं आणि छातीत फडफड सुरू झाली.

१९६८ सालची गोष्ट, मी चौदा वर्षांची होते. दादा तिला हकीमसाहेबांकडे घेऊन गेले, मीही बरोबर होते. म्हाताऱ्या हकीमसाहेबांनी तिच्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग त्यांनी दुसरा हात मागितला. नुस्खा लिहिला, खाली आणखी दोन ओळी लिहिल्या आणि कागद दादांच्या हातात देताना ते म्हणाले की नाडीला कुठलीच शिस्त सापडत नाही, हे माझ्या बोटांपलीकडचं आहे, हिला घाटीत दाखवा. माझं औषध मनाला आराम देईल, पण दाखवल्याशिवाय राहू नका.

घाटी म्हणजे १९५६ साली सुरू झालेल्या आमच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. पाणचक्कीच्या बाजूला. आजही जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलढाण्याकडून रोगी तिथे येतात. एखाद्याची तब्येत फार बिघडली की "घाटीत नेलं" एवढं म्हटलं तरी गावाला कळतं. दादांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. घरी चर्चा झाली. हकीमसाहेबांच्या औषधानं तिला बरं वाटतंय, मग घाटी कशाला? तिथे नेलं तर लोक काय समजतील? शिवाय हकीमसाहेबांचा अपमान नाही का होणार? ज्या माणसानं स्वतः लिहून दिलं होतं, त्याच्याच मानापमानाची काळजी आम्ही आठ महिने करत राहिलो.

आठ महिन्यांनी एके सकाळी पोळ्या लाटताना आत्याचा उजवा हात गळून पडला आणि वाचा गेली. मग घाटी. तिथल्या डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं आणि दादांना बाहेर व्हरांड्यात घेऊन समजावलं. लहानपणच्या त्या सांध्यांच्या तापानं हृदयाची डावीकडची झडप आकसून गेली होती. रक्त पुढे सरकत नव्हतं, वरचा कप्पा ताणला गेला होता आणि आकुंचन पावण्याऐवजी नुसता थरथरत होता. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळतं, गाठ होते आणि ती मेंदूत जाऊन बसते. झडप मोकळी करण्याचं ऑपरेशन तेव्हा मुंबईत होत होतं. आत्या पुढे सहा वर्षं जगली, डाव्या हातानं जेवत. दादांनी तो नुस्खा फाडला नाही. सागवानी पेटीत ठेवून दिला आणि त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

आता हैदराबादकडे वळते, कारण दुसऱ्या मताची सगळ्यात मोठी कहाणी आपल्याच जुन्या राज्यात घडली आहे. संस्थानाच्या इतिहासाच्या पुस्तकांत ती चार ओळींत उरकतात.

१८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी भुलीसाठी क्लोरोफॉर्म वापरला आणि जगभर त्याचा बोलबाला झाला. तीन महिने व्हायच्या आत, २८ जानेवारी १८४८ रोजी, न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना मेली. ती फार घाबरलेली होती. क्लोरोफॉर्म हुंगून काही मिनिटांतच संपली. त्यानंतर असे मृत्यू होतच राहिले, आणि डॉक्टरांत दोन तट पडले. एकांचं म्हणणं, क्लोरोफॉर्म आधी श्वास बंद पाडतं. तेव्हा श्वासाकडे लक्ष द्या, नाडी पाहू नका. ही एडिंबरोची शिकवण. दुसऱ्यांचं म्हणणं, ते थेट हृदयाला थांबवतं. नाडी सोडू नका.

एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या शिकवणीतले. हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन आणि तिथल्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख. त्यांनी १८८८ साली निजाम सरकारच्या आश्रयानं आयोग नेमला, कुत्र्यांवर प्रयोग केले आणि निकाल दिला की श्वासच आधी थांबतो, हृदय निर्दोष आहे. लंडनच्या 'लॅन्सेट'ला हे पटलं नाही. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड दिले: तुमचा माणूस पाठवा, पुन्हा तपासा. आपल्या राज्यातल्या आयोगाचं मत बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायला राजानं स्वतः पैसे मोजले. १८८९ साली थॉमस लॉडर ब्रंटन लंडनहून आले. औषधांच्या शास्त्रातलं तेव्हाचं मोठं नाव, आणि येताना त्यांचा कल हृदयाला दोष देण्याकडे होता. चारशेहून अधिक जनावरांवर प्रयोग झाले. रूपाबाई फर्दुनजी ही पारशी मुलगी त्या काळात लॉरींच्या हाताखाली शिकत होती आणि पुढे भूल देणारी डॉक्टर म्हणून तिनं नाव काढलं. जगातल्या अशा पहिल्या स्त्रियांत तिची गणना होते.

ब्रंटन यांचं मत काही आठवड्यांत फिरलं. दुसऱ्या आयोगाचाही निकाल तोच: श्वास. लॉरी जिंकले. १८९० साली 'लॅन्सेट'नं अहवाल छापला. आणि माणसं टेबलावर तशीच मरत राहिली.

हे कोडं सुटलं १९११ साली. गुडमन लेव्ही या इंग्रज डॉक्टरांनी मांजरांवर प्रयोग करताना पाहिलं की भूल गाढ असताना नव्हे, हलकी असताना, अर्धवट असताना हृदयाच्या खालच्या कप्प्यांचा ताल अचानक मोडतो. ते नुसते वळवळतात आणि रक्त पुढे जात नाही. भीतीनं शरीरात जो अ‍ॅड्रेनलिन उसळतो त्यानं हा धोका वाढतो. हैदराबादच्या प्रयोगांत जनावरांना भरपूर क्लोरोफॉर्म देऊन गाढ भुलीत नेलं होतं, आणि तिथे खरोखरच श्वास आधी थांबतो. हॅना ग्रीनर मात्र गाढ भुलीत मेली नव्हती, घाबरलेली आणि अर्धवट भुलीत मेली होती.

दुसऱ्या आयोगात माणूस नवा आला, पैसा आला, जनावरांची संख्या वाढली. पाहण्याची वेळ मात्र जुनीच राहिली. हे मी १९९४ च्या सुमारास वाचनालयात बसून वाचलं, टिपण काढलं आणि वर्गात सांगितलंही. तेव्हा माझ्या स्वतःच्या बाबतीत नेमकं हेच चाललं होतं. मला ते दिसलं नाही.

माझा पहिला झटका १९८८ चा. नववीच्या वर्गात फळ्यावर सनावळी लिहीत होते. कुणीतरी बटण दाबावं तसं छातीत एकदम सुरू झालं. हळूहळू वाढलं नाही, एका ठोक्यावरून दुसऱ्यावर जाताना वेग दुप्पट-तिप्पट. गळ्यात काहीतरी उड्या मारू लागलं. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, तुमचं मंगळसूत्र हलतंय." वीस मिनिटं ते चाललं आणि जसं आलं तसंच, एका क्षणात, थांबलं. त्यानंतर दोनदा लघवीला जावं लागलं, भरपूर. हे मी लाजेनं कुणालाच सांगितलं नाही, आणि तीच एक महत्त्वाची खूण होती.

दोन दिवसांनी डॉक्टरांकडे गेले. ईसीजी काढला, तो स्वच्छ. "बाई, टेन्शन घेता तुम्ही," असं म्हणून झोपेची गोळी लिहून दिली. चार वर्षं मी ती घेतली. झटके वर्षातून पाच-सहा. १९९२ साली दादांच्या आग्रहानं पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे गेले. हे माझं दुसरं मत. त्यांनी पहिल्यांचा कागद वाचला, तसाच, आडवं झोपवून, शांत असताना ईसीजी काढला, सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी केली, सगळं उत्तम. "मनाचं आहे. मन रमवा." मी मान डोलावली. दोन डॉक्टर एकच सांगतात म्हणजे तेच खरं असणार. इतिहास शिकवणाऱ्या बाईनं असं मानायला नको होतं. दुसरा साक्षीदार पहिल्याचंच ऐकून बोलत असेल, तर साक्षी दोन होत नाहीत, हे मी मुलींना दरवर्षी सांगत होते.

मी एकटी नव्हते. १९९७ साली अमेरिकेत अशाच झटक्यांच्या १०७ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांच्यापैकी ६७ टक्क्यांची लक्षणं भयगंडाच्या व्याख्येत चपखल बसत होती. ५५ टक्क्यांचा आजार पहिल्या तपासणीत ओळखताच आला नव्हता. आणि मनाचं आहे असं सांगून परत पाठवलेल्यांत बायका जास्त होत्या. हे आकडे मी कितीतरी वर्षांनी वाचले आणि बराच वेळ पुस्तक मिटून बसून राहिले.

१९९९ च्या जुलैत शाळेतच झटका आला. अर्धा तास झाला तरी थांबेना, डोळ्यापुढे अंधारी येऊ लागली. चित्रकलेच्या बाईंनी मला लुनावर मागे बसवलं आणि औरंगपुऱ्यातल्या एका साध्या दवाखान्यात नेलं. तिथे ईसीजीचं यंत्र होतं, एवढंच आम्हांला माहीत होतं. त्या डॉक्टरांनी आधी काही विचारलंच नाही, थेट पट्ट्या लावल्या. मिनिटाला १८८ ठोके, सुईनं शिवल्यासारखे एकसारखे. मग म्हणाले, "बाई, तोंड बंद करा, नाक दाबा आणि बाळंतपणात देतात तसा जोर करा." मी जोर केला. छातीत एक दणका बसला, पोकळी, आणि सगळं शांत. ते सगळं कागदावर उमटलं: धावणं, थांबणं, मग ८४ ची चाल.

आता त्यांनी विचारायला सुरुवात केली. अचानक सुरू होतं की हळूहळू? थांबतं कसं? गळ्यात उडतं का? नंतर लघवी होते का? आणि हातात पेन दिलं: "कसं वाजतं ते टेबलावर वाजवून दाखवा." मी वाजवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं हृदय माझ्याच हातून ऐकलं.

त्यांनी समजावलं ते असं. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये विजेच्या निरोपाची एक चौकी असते. काहींच्या चौकीत जन्मतःच दोन वाटा असतात, एक जलद, एक संथ. एखादा आगाऊ ठोका आला की निरोप एका वाटेनं खाली आणि दुसऱ्या वाटेनं वर असा घाण्याच्या बैलासारखा गोल फिरत राहतो. हृदय बिचारं प्रत्येक फेरीला आकुंचन पावतं. वरचे-खालचे कप्पे एकाच वेळी आकुंचन पावल्यानं गळ्यातल्या शिरा उसळतात. डॉक्टर त्याला बेडकाची खूण म्हणतात. मला शार्ङ्गधराचा बेडूक आठवला, जरी त्याचा बेडूक वेगळ्या गोष्टीबद्दल आहे. झटका नसताना निरोप सरळ वाटेनं जातो, म्हणून ईसीजी स्वच्छ. २००१ साली मुंबईत मांडीच्या शिरेतून तारा घालून ती संथ वाट जाळून टाकली. दोन तास लागले. त्यानंतर झटका आलेला नाही.

निवृत्त झाल्यापासून कॉलनीतल्या बायका माझ्याकडे फायली घेऊन येतात. मी डॉक्टर नाही, हे आधी सांगते. धडधडीबरोबर शुद्ध गेली, छातीत दुखलं, दम लागला, पळताना किंवा जिना चढताना भोवळ आली, हातापायातलं बळ गेलं किंवा वाचा अडखळली, तर दुसरं मत, तिसरं मत काही नाही; १०८ ला फोन करायचा आणि घाटी किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठायचं. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, आधीच झडपेचा आजार असेल, तर साध्या धडधडीलाही थांबायचं नाही. बाकीच्यांना मी आधी विचारते: रक्त तपासलं का? थायरॉइड? दिवसाला चहा किती? दम्याचा पंप, सर्दीची गोळी, तंबाखू? निम्म्या जणींचं उत्तर तिथेच सापडतं.

दुसऱ्या मताची वेळ कोणती, याबद्दल माझं मत पक्कं आहे. झटका चालू असतानाची पट्टी कुणी पाहिलेली नाही आणि तरी "काही नाही" सांगितलंय. किंवा पट्टी नाही आणि तरी जन्मभराची गोळी सुरू केलीय. किंवा तारा घालण्याचा, यंत्र बसवण्याचा सल्ला मिळालाय. किंवा उपचार चालू असून झटके वाढताहेत. मग जावं, आणि जाताना नव्या डॉक्टरांना आधी आपली हकीकत सांगावी, पहिल्यांचा निष्कर्ष नंतर दाखवावा. पहिल्या डॉक्टरांपासून लपवू नये. कागद मागणं हा हक्क आहे: २००२ च्या वैद्यक परिषदेच्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं तयार केलेली रुग्णहक्कांची सनद केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१९ साली राज्यांना पाठवली, तीत दुसरं मत घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. तरी बायका विचारतात, "डॉक्टरसाहेबांना राग नाही येणार?" तेव्हा मी त्यांना हकीमसाहेबांची गोष्ट सांगते.

गेल्या वर्षी शेजारची मुलगी आली, बारावीची, नीटचा अभ्यास करणारी. ईसीजी दोनदा स्वच्छ, दोनदा "टेन्शन". मी तिला डायनिंग टेबलावर वाजवायला सांगितलं. तिनं बोटानं वाजवलं: टक, टक, टक-टक, मग थांबली, मग मुठीनं एक दणका. धडधड नव्हती ती, ठोका चुकत होता. तिसऱ्या डॉक्टरांनी तिला चोवीस तासांचं होल्टर लावलं. नॉर्मन होल्टर या अमेरिकन संशोधकानं ते यंत्र पहिल्यांदा पाठीवर घेतलं तेव्हा त्याचं वजन ३८ किलोच्या आसपास होतं. हिचं ओढणीखाली लपलं. दिवसभरात काही आगाऊ ठोके, निरुपद्रवी. जेम्स मॅकेन्झी या बर्नलीच्या साध्या गावडॉक्टरनं असे रोगी वर्षानुवर्षं नजरेखाली ठेवून शंभर वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की बहुतेकांचं यानं काही बिघडत नाही. पण तिसऱ्या डॉक्टरांनी रक्तही तपासलं. हिमोग्लोबिन ८.२. आधीच्या दोघांनी ते पाहिलंच नव्हतं.

तीन महिने लोहाच्या गोळ्या घेऊन ती परत आली. ११.६. "ठोका चुकतो का अजून?" मी विचारलं. "कधी कधी," ती म्हणाली, "पण आता ओळखीचा झालाय." मग तिनं माझी पट्टी पाहायला मागितली. मी सागवानी पेटी उघडली. ईसीजीचा तो कागद उष्णतेनं उमटणारा. १९९९ ची मूळ पट्टी पिवळी पडून जवळजवळ कोरी झाली आहे. नशीब, त्या डॉक्टरांनी त्याच दिवशी झेरॉक्स काढून घ्यायला लावली होती. झेरॉक्सवर ते १८८ ठोके अजून मोजता येतात. तिनं नखानं एकेक मोजायला सुरुवात केली. खाली हकीमसाहेबांचा नुस्खा होता, घडीवर फाटलेला. त्याची काळी शाई अजून स्वच्छ वाचता येते.